घरखरेदी करारातील कालमर्यादा : गणना आणि अर्थकारण

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिल्ली येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



सर्वसामान्य भारतीय कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार म्हणजे घराची खरेदी. या व्यवहारात किमतीची घासाघीस होते, चौरस फुटांची चौकशी होते, बँकेच्या व्याजदराची तुलना होते. मात्र करारात लिहिलेल्या मुदतीकडे फारसे कोणी बारकाईने पाहत नाही. 'साडेतीन वर्षांत ताबा' एवढे शब्द वाचून ग्राहक सही करतो. ही साडेतीन वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची, ती कोणत्या कारणाने वाढू शकतात आणि वाढल्यास त्याची किंमत कोणी मोजायची, हे प्रश्न पुढे न्यायालयात उपस्थित होतात. आज आपण याच प्रश्नांचा विचार करणार आहोत.

दिल्ली आणि तिच्या सभोवतालचा राष्ट्रीय राजधानी प्रदेश ही या विषयाची जणू प्रयोगशाळाच आहे. रखडलेल्या गृहप्रकल्पांचा अभ्यास करण्यासाठी अमिताभ कांत यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने २०२३ मध्ये आपला अहवाल सादर केला. भारतीय बँक संघाच्या अंदाजाच्या आधारे त्या अहवालात देशभरातील सुमारे ४.१२ लाख घरे अडचणीत असल्याचे नमूद असून, त्यांपैकी सुमारे २.४० लाख घरे एकट्या राजधानी प्रदेशातील आहेत. आम्रपाली समूहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०१९ रोजी दिलेल्या निर्णयाशी सुमारे ४२,००० ग्राहकांचे भवितव्य निगडित होते. या आकड्यांमागे एकाच वेळी घरभाडे आणि कर्जाचा हप्ता भरणारी कुटुंबे आहेत. म्हणून मुदतीची गणना हा केवळ वकिलांचा विषय राहत नाही. तो सार्वजनिक धोरणाचाही विषय ठरतो.

मुदतीचे चार घटक

करारातील कोणतीही कालमर्यादा चार घटकांनी बनलेली असते. पहिला घटक म्हणजे आरंभबिंदू, म्हणजेच ज्या दिवसापासून वा ज्या घटनेपासून मोजणी सुरू होते तो क्षण. दुसरा घटक कालावधी, म्हणजे दिवस, महिने किंवा वर्षे. तिसरा घटक वाढीव मुदत. यात अनुग्रह कालावधी आणि अपरिहार्य आपत्तीमुळे मिळणारी मुदतवाढ येते. चौथा घटक म्हणजे परिणाम : मुदत उलटल्यास कोणाला कोणता हक्क मिळतो आणि कोणावर कोणता भार पडतो.

ग्राहकाचे लक्ष बहुधा दुसऱ्या घटकावर असते, तर वाद बहुधा पहिल्या आणि तिसऱ्या घटकांवरून होतात. आरंभबिंदू ठरवणारी घटना ज्याच्या हाती, त्याच्याच हाती खरे तर मुदत असते. आजच्या विवेचनाचे सूत्र हेच आहे. ते आता उदाहरणांनी पाहू.

दिवस आणि महिना : गणनेचे प्राथमिक नियम

सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७, ज्याला आपण 'जनरल क्लॉजेस ॲक्ट' या नावाने ओळखतो, त्याच्या कलम ९ नुसार 'पासून' हा शब्द वापरला असेल तर आरंभीचा दिवस मोजणीतून वगळला जातो. त्याच अधिनियमाच्या कलम ३ मधील व्याख्येनुसार महिना म्हणजे ब्रिटिश दिनदर्शिकेप्रमाणे मोजलेला महिना. हा अधिनियम मूलतः केंद्रीय कायद्यांच्या अर्थनिर्णयनासाठी आहे. तथापि करारांचा अर्थ लावतानाही ही तत्त्वे सामान्यतः मार्गदर्शक मानली जातात.

महिना आणि तीस दिवस या दोन गोष्टी एक नव्हेत. लवाद कायद्यातील मुदतीसंबंधी हिमाचल टेक्नो इंजिनिअर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली हे स्पष्ट केले. तीन महिने म्हणजे ९० दिवस नव्हेत. महिन्यांत दिलेली मुदत त्या-त्या महिन्याच्या तत्सम तारखेला संपते.

एक उदाहरण घेऊ. समजा, १६ जानेवारी २०२५ रोजी जुन्या सदनिकेच्या खरेदीचा करार झाला आणि 'करारापासून ४५ दिवसांत खरेदीदाराला बँकेचे कर्ज मंजूर झाल्यास व्यवहार पुढे जाईल, अन्यथा बयाणा परत केला जाईल' अशी अट त्यात आहे. महाराष्ट्रात आपण ज्याला इसार किंवा विसार म्हणतो, तोच दिल्लीचा बयाणा. १६ जानेवारी हा दिवस वगळला, की जानेवारीचे १५, फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचे २ असे ४५ दिवस होतात. मुदत २ मार्च २०२५ रोजी संपते. त्या दिवशी रविवार होता. आता सुटीमुळे मुदत आपोआप सोमवारपर्यंत वाढते काय?

कलम १० मधील सवलत न्यायालयात किंवा कार्यालयात करावयाच्या कृतीसाठी आहे आणि तीही कायद्याने ठरवून दिलेल्या मुदतीसाठी. दोन खाजगी व्यक्तींमधील करारात कर्जमंजुरीसाठी ठेवलेली मुदत तिच्या कक्षेत येते असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. म्हणून शेवटचा दिवस सुटीचा असल्यास पुढील कामकाजाचा दिवस धरावा, असे वाक्य करारातच लिहिलेले असावे. त्याचप्रमाणे 'कर्जमंजुरी' म्हणजे बँकेचे मंजुरीपत्र की प्रत्यक्ष रक्कम हाती येणे, हेही स्पष्ट असावे. या दोहोंमध्ये अनेकदा काही आठवड्यांचे अंतर असते.

अशा अटींचा पाया भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ३१ ते ३६ मध्ये आहे. एखादी अनिश्चित घटना घडण्यावर अवलंबून असलेला करार म्हणजे घटनासापेक्ष करार. कलम ३५ नुसार ती घटना विशिष्ट मुदतीत घडण्याची अट असेल आणि मुदतीत ती घडली नाही, किंवा मुदतीपूर्वीच ती अशक्य झाली, तर करार शून्यवत होतो. अमेरिकेत घरखरेदीच्या करारात घराची तपासणी, मूल्यांकन आणि कर्ज यांसाठी अशा स्वतंत्र मुदती ठेवण्याची पद्धत रूढ आहे. आपल्याकडे जुन्या घरांच्या व्यवहारात ती तुरळक आढळते आणि कर्ज नाकारले गेल्यास बयाणा जप्त होण्याची भीती खरेदीदाराच्या डोक्यावर राहते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर अशी अट म्हणजे खरेदीदाराला मिळालेला विकल्प आहे. विकल्पाला मूल्य असते आणि त्याची मुदत संपली की ते मूल्य शून्य होते.

मुदत हे कराराचे सार आहे काय?

स्थावर मालमत्तेच्या करारात मुदत हे कराराचे सार असते, असे गृहीतक नाही. ही जुनी भूमिका १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मान्य केली. पण त्याच निकालात तिची मर्यादाही दाखवून दिली. ते प्रकरण दिल्लीतील एका घराचे होते. ऑगस्ट १९७१ च्या करारात एकूण किंमत १,७८,००० रुपये ठरली. त्यांपैकी ३०,००० रुपये बयाणा म्हणून दिले गेले आणि ९८,००० रुपये 'फक्त दहा दिवसांत' द्यावयाचे होते. विक्रेत्याने आधी काही गोष्टींची पूर्तता करावी, अशी भूमिका घेऊन खरेदीदाराने रक्कम दिली नाही. 'फक्त' या शब्दावरून आणि एकंदर परिस्थितीवरून न्यायालयाने निष्कर्ष काढला, की पक्षकारांनी येथे मुदतीला कराराचे सार मानले होते. खरेदीदाराचा दावा फेटाळला गेला.

२०११ साली न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या पीठाने या प्रश्नाची आर्थिक बाजू मांडली. किमती दीर्घकाळ स्थिर राहत, त्या काळात मुदतीकडे सौम्यपणे पाहणे योग्य होते. शहरी मालमत्तेच्या किमती वेगाने वाढू लागल्यावर मात्र तेच तत्त्व विक्रेत्यावर अन्याय करणारे ठरू शकते, असे निरीक्षण त्या निकालात आहे. किंमतवाढीचा दर बदलला की मुदतीचे मूल्य बदलते, हा धडा विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा.

मुदत वाढवून देण्याचेही परिणाम असतात. दिल्ली विकास प्राधिकरणाने १९८२ साली भिकाजी कामा प्लेस येथील एका भूखंडाचा लिलाव केला. कैलाशनाथ असोसिएट्स या संस्थेची बोली ३.१२ कोटी रुपयांची होती आणि तिने ७८ लाख रुपये म्हणजे २५ टक्के रक्कम भरली. उर्वरित रकमेची मुदत प्राधिकरणाने वेळोवेळी वाढवली, पुढे १९९३ मध्ये व्यवहार रद्द करून ७८ लाख रुपये जप्त केले आणि तोच भूखंड १९९४ मध्ये ११.७८ कोटींना विकला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये ही जप्ती अवैध ठरवली. वारंवार मुदतवाढ देणाऱ्याला नंतर मुदत हेच सार होते असे म्हणता येत नाही आणि नुकसान झालेलेच नसेल तर भरपाईही मागता येत नाही, असा या निकालाचा मथितार्थ आहे.

गुरुग्रामचे उदाहरण : एका शब्दप्रयोगाची किंमत

आता नव्या प्रकल्पांकडे वळू. गुरुग्राममधील एका गृहप्रकल्पासंबंधी इरिओ ग्रेस रिॲलटेक प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ जानेवारी २०२१ रोजी दिला. मुदतीच्या गणनेचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

करारातील अट अशी होती : बांधकाम नकाशांना मंजुरी मिळाल्याच्या आणि/किंवा त्या मंजुरीतील पूर्वअटींची पूर्तता झाल्याच्या तारखेपासून ४२ महिन्यांत ताबा देण्याचा प्रस्ताव ठेवला जाईल. शिवाय १८० दिवसांचा अनुग्रह कालावधी होता. नकाशांना मंजुरी २३ जुलै २०१३ रोजी मिळाली. मात्र त्या मंजुरीत अग्निशमन योजनेस मान्यता घेण्याची पूर्वअट होती आणि ती मान्यता २७ नोव्हेंबर २०१४ रोजी मिळाली. आरंभबिंदू कोणता धरायचा?

पहिली तारीख धरली तर ४२ महिने २३ जानेवारी २०१७ रोजी संपतात आणि त्यापुढील १८० दिवस २२ जुलै २०१७ रोजी. दुसरी तारीख धरली तर ४२ महिने २७ मे २०१८ रोजी पूर्ण होतात. न्यायालयाने दुसरी तारीख ग्राह्य धरली, कारण अग्निशमन मान्यतेशिवाय बांधकाम सुरू करणे कायद्याने शक्य नव्हते. अनुग्रह कालावधी सहा महिन्यांचा धरून ताब्याची अंतिम तारीख २७ नोव्हेंबर २०१८ निश्चित झाली. येथे आणखी एक बारकावा पाहा. २७ मे २०१८ पासून काटेकोरपणे १८० दिवस मोजले तर २३ नोव्हेंबर ही तारीख येते. सहा महिने आणि १८० दिवस यांत येथे चार दिवसांचा फरक आहे.

या फरकांचे रुपयांत रूपांतर करू. समजा, एका कुटुंबाने ६० लाख रुपये भरले आहेत आणि भांडवलाचा खर्च वार्षिक ९ टक्के आहे. वर्षाला ५.४० लाख रुपये, महिन्याला ४५,००० रुपये आणि दिवसाला सुमारे १,४७९ रुपये असा हा खर्च येतो. चार दिवसांची किंमत सहा हजार रुपयांच्या आतबाहेर आहे. परंतु २२ जुलै २०१७ आणि २७ नोव्हेंबर २०१८ यांमध्ये ४९३ दिवस आहेत. त्यांची किंमत सुमारे ७.२९ लाख रुपये होते. 'आणि/किंवा पूर्वअटींची पूर्तता' या शब्दप्रयोगाची या कुटुंबापुरती किंमत ही आहे.

परिणामांवरही आरंभबिंदूचा प्रभाव पडतो. ज्या इमारतींना ३१ मे २०१९ रोजी भोगवटा प्रमाणपत्र मिळाले होते, त्या तारखेपर्यंतचा विलंब नव्या गणनेनुसार सुमारे सहा महिनेच ठरतो. जुन्या गणनेनुसार तो बावीस महिन्यांहून अधिक ठरला असता. अशा इमारतींतील ग्राहकांनी ताबा घ्यावा आणि विलंबाची भरपाई स्वीकारावी, असे न्यायालयाने सांगितले. ज्यांच्या इमारतींना प्रमाणपत्रच मिळाले नव्हते, त्यांचा ९ टक्के व्याजासह परताव्याचा हक्क मान्य केला.

विलंबाची किंमत कोणी मोजायची?

याच करारात विलंबाबद्दल विकासकाने दरमहा प्रतिचौरस फूट ७.५० रुपये द्यावयाचे होते. १,५०० चौरस फुटांच्या सदनिकेसाठी ही रक्कम ११,२५० रुपये होते. आपल्या उदाहरणातील कुटुंबाचा मासिक भांडवली खर्च ४५,००० रुपये होता. म्हणजे विलंबाच्या खऱ्या किमतीचा एक चतुर्थांश भाग विकासक सोसतो आणि तीन चतुर्थांश भाग ग्राहक. ग्राहकांचा पैसा विकासकाला बाजारातील कर्जापेक्षा स्वस्त पडत असेल, तर घाई करण्याचे आर्थिक कारणच उरत नाही. विलंबाचा उगम केवळ गैरव्यवस्थापनात नसून कराराच्या रचनेतही आहे, तो असा.

पायोनियर अर्बन प्रकरणात २ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला करारही गुरुग्राममधील प्रकल्पाचाच होता. त्यात खोदकामाच्या तारखेपासून ३९ महिने, मग १८० दिवसांचा अनुग्रह, त्यानंतर ग्राहकाने आणखी १२ महिने थांबायचे, मग ९० दिवसांची नोटीस द्यायची आणि त्यानंतर विकासकाने ९० दिवसांत परतावा करायचा, अशी साखळी होती. बेरीज केली तर सुमारे ६३ महिने होतात. कागदावर सव्वातीन वर्षांचा दिसणारा करार बाहेर पडू इच्छिणाऱ्या ग्राहकासाठी सव्वापाच वर्षांचा होता. ग्राहकाला हप्ता भरण्यास उशीर झाला तर व्याज १८ टक्के, विकासकाने परतावा देण्यास उशीर केला तर ९ टक्के. अशा एकतर्फी अटी ग्राहकावर बंधनकारक नाहीत आणि त्या करारात घालणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला.

करारात तारीखच नसेल तर? संविदा अधिनियमाच्या कलम ४६ नुसार मुदत ठरलेली नसताना वाजवी मुदतीत पूर्तता व्हावी लागते. मुंबईतील एका प्रकल्पासंबंधी फॉर्च्युन इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांचा कालावधी वाजवी मानला.

स्थावर संपदा अधिनियमाने काय बदलले?

महाराष्ट्राने या दिशेने १९६३ सालीच पाऊल टाकले होते. महाराष्ट्र सदनिका मालकी अधिनियमाने नोंदणीकृत करार आणि मुदतीत ताबा न मिळाल्यास सव्याज परतावा या कल्पना कायद्यात आणल्या. देशपातळीवर स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजेच 'रेरा', १ मे २०१६ पासून अंशतः आणि १ मे २०१७ पासून पूर्णतः अमलात आला.

आपल्या चार घटकांच्या चौकटीत त्याकडे पाहू. आरंभबिंदूसंबंधी : कलम ४ नुसार विकासकाला प्रकल्प पूर्ण करण्याची मुदत स्वतः जाहीर करावी लागते. कलम १३ नुसार नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. वाढीव मुदतीसंबंधी : कलम ६ नुसार अपरिहार्य आपत्ती म्हणजे युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा अन्य नैसर्गिक आपत्ती. याशिवाय विकासकाचा दोष नसताना वाजवी परिस्थितीत प्राधिकरण एकूण एक वर्षापर्यंत मुदत वाढवू शकते. परिणामांसंबंधी : कलम १८ नुसार ग्राहक प्रकल्पातून बाहेर पडून सव्याज परतावा मागू शकतो, किंवा प्रकल्पात राहून ताबा मिळेपर्यंत विलंबाच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मागू शकतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अधिनियमातील व्याख्येनुसार दोन्ही पक्षांसाठी व्याजाचा दर समान आहे. १८ आणि ९ टक्क्यांची विषमता कायद्यानेच संपवली.

ग्राहकावरही मुदतीचे बंधन आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत त्याने ताबा घेतला पाहिजे. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष आढळून तो कळवल्यास विकासकाने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करावयाचा आहे.

नोंदणीच्या वेळी विकासकाने जाहीर केलेल्या नव्या तारखेमुळे करारातील जुनी तारीख पुसली जाते काय, हा प्रश्न अनेक ठिकाणी निर्माण झाला. मुंबई उच्च न्यायालयाने ६ डिसेंबर २०१७ रोजी नीलकमल रिॲल्टर्स प्रकरणात अधिनियमाची वैधता कायम राखताना स्पष्ट केले, की हा कायदा पक्षकारांमधील करार नव्याने लिहीत नाही आणि विलंब करारातील तारखेपासूनच मोजावयाचा. गुरुग्रामच्या इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये हीच भूमिका घेतली. नोंदणीची मुदत शिल्लक आहे म्हणून ग्राहकाचा हक्क पुढे ढकलला जात नाही. पुढे उत्तर प्रदेशातील प्रकल्पांसंबंधी न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात ११ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायालयाने कलम १८ खालील परताव्याचा हक्क बिनशर्त असल्याचे सांगितले. अनपेक्षित घटना किंवा न्यायालयाच्या स्थगितीचे कारण पुढे करून तो नाकारता येत नाही.

एक प्रदेश, अनेक घड्याळे

राष्ट्रीय राजधानी प्रदेश नियोजन मंडळाचा अधिनियम १९८५ सालचा आहे. घरांची बाजारपेठ म्हणून हा प्रदेश बऱ्याच अंशी एक आहे. नोएडात घर घेणारा गुरुग्रामचाही विचार करतो. कायद्याची अंमलबजावणी मात्र राज्यांकडे आहे. हरियाणाच्या नियमांत व्याजाचा दर भारतीय स्टेट बँकेच्या सर्वोच्च सीमांत कर्जदराहून २ टक्के अधिक आहे, तर उत्तर प्रदेशात तो त्या दराहून १ टक्का अधिक आहे. परताव्याची मुदत उत्तर प्रदेशात ४५ दिवस, तर हरियाणात ९० दिवस. यमुनेच्या एका बाजूचा विलंब दुसऱ्या बाजूच्या विलंबापेक्षा स्वस्त पडतो. संघराज्यीय व्यवस्थेत केंद्रीय कायदा आणि राज्यांचे नियम यांतील अंतर कसे निर्माण होते, याचे हे नेमके उदाहरण मुख्य परीक्षेच्या उत्तरात उपयोगी पडेल.

मुदतवाढीच्या कारणांचीही येथे विशेष चर्चा व्हायला हवी. कोविड साथीच्या वेळी केंद्रीय गृहनिर्माण मंत्रालयाने १३ मे २०२० रोजी साथीला अपरिहार्य आपत्ती मानण्याचा सल्ला प्राधिकरणांना दिला. २५ मार्च २०२० रोजी किंवा त्यानंतर मुदत संपणाऱ्या प्रकल्पांना सहा महिन्यांची आणि गरजेनुसार आणखी तीन महिन्यांपर्यंतची वाढ सुचवली. ही घटना खरोखरच कोणाच्या हाती नव्हती. परंतु राजधानी प्रदेशात हिवाळ्यातील प्रदूषणामुळे बांधकामावर वारंवार बंदी येते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घातली होती आणि श्रेणीबद्ध कृती आराखड्याखाली अशी बंधने नंतरही येत राहिली आहेत. जी घटना बहुतेक हिवाळ्यांत घडते, तिला अनपेक्षित म्हणता येईल काय? अर्थशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. ज्या जोखमीचा अंदाज आधी बांधता येतो, ती वेळापत्रकात आणि किमतीत आधीच धरली पाहिजे. ती धरण्याची क्षमता ग्राहकापेक्षा विकासकाकडे अधिक असते.

दाद मागण्याचीही मुदत असते

हक्क असला तरी तो बजावण्याचीही कालमर्यादा असते. जुन्या घराच्या व्यवहारात कराराची प्रत्यक्ष पूर्तता मागणारा दावा मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ५४ नुसार तीन वर्षांत दाखल करावा लागतो. करारात पूर्ततेची तारीख असेल तर तिच्यापासून, नसेल तर नकार कळल्यापासून ही मुदत मोजली जाते. ग्राहक आयोगाकडील तक्रारीला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार दोन वर्षांची मुदत आहे. रेरा प्राधिकरणाच्या आदेशाविरुद्धचे अपील ६० दिवसांत करावे लागते. दस्त निष्पादित झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी सादर करणे नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार आवश्यक आहे. करारातील एका चुकलेल्या तारखेमागे अशी तारखांची रांग उभी असते.

समारोप

धोरणकर्त्यांसमोर यातून तीन कामे येतात. पहिले, करारातील मुदतीचा आरंभ केवळ विकासकाच्या हाती असलेल्या घटनेशी न जोडता निश्चित तारखेशी जोडला जावा आणि ती दिनांकाच्या स्वरूपात ठळकपणे लिहिली जावी. दुसरे, एकाच प्रदेशातील राज्यांनी व्याजदर आणि परताव्याच्या मुदती यांत एकसूत्रता आणावी. तिसरे, आदेशांची वसुली वेळेत व्हावी. प्राधिकरणाने तक्रार ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे कायदा सांगतो, पण आदेशानंतरची रक्कम हाती पडेपर्यंतचा काळही ग्राहकाच्याच खिशातून जातो. रखडलेले प्रकल्प पूर्ण करण्यासाठी केंद्राने नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केलेला २५,००० कोटी रुपयांचा विशेष निधी हा उपचाराचा भाग आहे. करारातील स्पष्ट मुदत हा प्रतिबंधाचा भाग आहे आणि तो कितीतरी कमी खर्चिक आहे.

आपल्यापैकी काही जण उद्या प्रशासनात जातील. काहींच्या टेबलावर आदर्श करारांचे मसुदे येतील, काहींसमोर तक्रारदार उभे राहतील. त्या वेळी मुदतीचे कलम वाचताना चार प्रश्न विचारावेत : मोजणी कोठून सुरू होते, ती दिवसांत आहे की महिन्यांत, ती कोण आणि कशामुळे वाढवू शकतो, आणि ती उलटल्यावर पैसे कोणाचे जातात. या चार प्रश्नांची उत्तरे करारात एका परिच्छेदात आणि एका तारखेसह मिळत नसतील, तर तो मसुदा परत पाठवावा.